उंबऱ्याखालचा रुपया

ओतूर

मी महागडी नाणी जमवत नाही, हे आधीच सांगते. जुन्नरकडे जाऊन आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, किती लाखांचं सापडलं? मी जमवते ती देश स्वतंत्र झाल्यावर राजाचं डोकं जाऊन सिंह आले, त्या पहिल्या काही वर्षांतली रोजच्या वापरातली चिल्लर. घोड्याचा पैसा, बैलाचा आणा, चौकोनी दोन आणे, कणसांचा रुपया. आणि तीही वापरलेलीच हवी. डबीत जपून ठेवलेलं कोरं करकरीत नाणं मला नको. कुणाच्या कनवटीला लागून लागून घोड्याची आयाळ पुसट झाली असेल, तर तो पैसा मला हवा. कुडाळला आमचं औषधांचं दुकान आहे. तिथं एका आजींनी चुकून गल्ल्यावर ठेवलेल्या दोन आण्यांपासून हा नाद लागला, तो लागलाच.

सुनंदा माझी पुण्यातल्या शिक्षणाच्या काळातली मैत्रीण. आम्ही एका खोलीत राहायचो. ती पुढं नर्स झाली, आंबेगावच्या डोंगराकडच्या गावांत तिची सगळी नोकरी झाली आणि आता निवृत्त होऊन ओतूरला सासरी असते. ती बरीच वर्षं मागं लागली होती, "आमच्याकडे ये, घराघरांत जुने पैसे पडलेत." या मे महिन्यात गेले. प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही, पाठ दुखली एवढंच.

पहिल्या दिवशी तिच्या घरी मासवडी होती. नाव ऐकून मी कोकणातली बाई हरखले आणि ताटात वडीचा तुकडा मोडून काटा शोधू लागले. सगळं घर हसायला लागलं. बेसनाच्या वड्या, आत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि वर जाळ रस्सा. माशाचा संबंध आकारापुरता. "फसवलंत की," मी म्हटलं. पण चव अशी होती की तक्रार पुढं नेली नाही. त्या प्रवासात मी आनंदानं फसले ती तेवढीच वेळ.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. कांद्याच्या पिशव्या, टोमॅटोचे क्रेट आणि मिरचीचा ठसका यातून वाट काढत आम्ही एका कोपऱ्यात आलो. तिथं एकानं गोणपाटावर जुनी भांडी, अडकित्ते आणि नाणी मांडली होती. नाण्यांच्या ढिगाऱ्यात पुठ्ठा खोचलेला: ‘शिवकालीन घोडा, पाचशे रुपये’. मी वाकून पाहिलं. माझा ओळखीचा घोडा, आपल्या प्रजासत्ताकाचा एक पैसा.

"भाऊ, हे कुठलं?"

"महाराजांच्या काळातलं, ताई. किल्ल्यावर घावलेलं."

मी नाणं उलटं करून त्याच्यापुढं धरलं. "मागं सिंह आहेत बघा. आणि भोवती इंग्रजीत भारत सरकार लिहिलंय. महाराजांच्या काळात?"

त्यानं नाण्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "घ्यायचं तर घ्या, न्हाई तर फुडं व्हा. सकाळधरनं चार गेलेत."

ते ‘चार गेलेत’ मला झोंबलं. शिवनेरी बघायला आलेलं कुणीतरी भाबडं माणूस महाराजांचा म्हणून तो पैसा देवघरात ठेवणार, मुलांना दाखवणार. ज्या घोड्याला स्वतःची चांगली कहाणी आहे त्याला हा माणूस दुसऱ्याची कहाणी चिकटवत होता आणि दोघांचीही अब्रू घालवत होता. मी बोलले ते जरा मोठ्यानं बोलले असणार, कारण आजूबाजूचे लोक बघायला लागले आणि सुनंदानं माझं कोपर धरलं.

पण जाता जाता एक गोष्ट डोळ्यांत भरली. त्याच्याकडची सगळी नाणी त्याच दोन-तीन सालांतली होती आणि जवळजवळ सगळ्यांना पांढरा चुना लागलेला होता. वापरातल्या नाण्याला तेल लागतं, हळद लागते. चुना कुठून?

"शिनोलीपल्याडच्या धरणाचं पाणी उतरलंय," तो आता नरमाईनं म्हणाला. त्याला वाटलं गिऱ्हाईक वळतंय. "तिकडं जुनी घरं उघडी पडलीत. लोकं मशीन लावून काढत्यात. अजून पायजे तर आणतो."

काय काढतात, कशातून काढतात, हे मी विचारलं नाही. सुनंदाचा चेहरा मात्र बदलला होता. "तिकडं माझी माणसं आहेत," ती म्हणाली. "उद्या निरगुडसरला जायचं ठरलंय ते आटपू, परवा तिकडं."

निरगुडसर

निरगुडसरला दगडूबाबांकडे गेलो. हे धनगर. दोन पिढ्यांमागं मेंढरं घेऊन फिरत, आता ऊस आणि कांदा. चार मेंढ्या अजून दारात आहेत, त्या सवय सुटत नाही म्हणून. त्यांच्या सुनेचं बाळंतपण सुनंदानं केलेलं, त्यामुळे चहाआधी दूध आणि दुधानंतर चहा असा मारा झाला. आमच्याकडे पाहुण्याला गूळपाणी दिलं की मोकळं. इथं पेला रिकामा दिसला की घरच्यांना अपराधी वाटतं.

नाण्यांचं विचारल्यावर बाबांनी मला चपला काढायला लावल्या, हात धुवायला लावले आणि देवघरापुढं नेलं. खंडोबाच्या टाकाशेजारी भंडाऱ्यात बुडालेला घोड्याचा पैसा होता.

"देवाला घोडा पायजे," बाबा म्हणाले. "चांदीचा करायची माझ्या बापाची ऐपत न्हवती. तवा नव्या राज्याचा पैसा आला, त्याच्यावर घोडा. बाप म्हणला, सरकारनं देवासाठीच पाडलाय. ठिवला. विकायचा न्हाई बरं का, पण बघा."

मी उजव्या हातात घेतला. इतकी वर्षं मी हे नाणं जमवतेय, पण त्याचा असा मान कधी पाहिला नव्हता. मग नीट पाहिलं तर घोड्याचे पाय नाहीसे झालेले. झिजून नव्हे, घासून. ताजे ओरखडे होते.

बाबा खाली बघत म्हणाले, "पुतण्यानं. फोनवर व्हिडिओ आला, घोड्याच्या पैशाला लाखो रुपये. नंबर दिल्याला. त्यो म्हणला, चकचकीत करून फोटू धाडा. ह्यानं ॲसिड लावून घासला. मग नोंदणीचे पैसे भरा म्हणला, मग कराचे भरा म्हणला. मग फोन बंद."

पुतण्या गोठ्याशी उभा होता, तिशीतला गडी. मलाही त्याच्यावर राग धरता येईना. राग त्या व्हिडिओवाल्यांचा आला, येतो, आणि हे लिहितानाही येतोय. या पैशाची किंमत बाजारात वडापावइतकी आहे. तो कुणाचा देव होऊ शकतो, पण लॉटरी होऊ शकत नाही. हे खरं सांगणाऱ्याचा व्हिडिओ मात्र कुणी बघत नाही.

शिनोलीच्या पुढं

शिनोलीच्या पुढच्या एका वस्तीत हौसाबाई राहतात. धरणात गाव गेल्यावर डोंगरातली काही घरं इथं येऊन वसली. सुनंदा या बाईंना चाळीस वर्षं ओळखते, कारण गाव बुडायच्या आधी तिथं डोस द्यायला जायची तेव्हा मुक्काम यांच्याच घरी. आम्ही पोचलो तर त्या घरी नव्हत्या. मुलगा दत्ता भीमाशंकरच्या रस्त्यावर जीप चालवतो. तो म्हणाला, "आई काठाला गेलीया. पाणी उतारलं का रोज जाती. हिरडा गोळा करायला जाते म्हणती, पण पिशवीत चार हिरडं आस्त्यात."

त्यानंच आम्हाला जीपमधून नेलं. रस्ता संपला तिथं तो जीपपाशी थांबला आणि आम्ही दोघी खाली चालत गेलो. आमच्याकडे पाणी आटलं तरी काठ हिरवा असतो. इथं काठच नव्हता. डोंगराच्या कमरेपर्यंत पाण्याची रेघ उमटलेली आणि तिच्याखाली सगळं राखाडी, भेगाळलेलं, मधूनमधून झाडांची काळी खोडं. मग नजर स्थिरावली तशा जोत्यांच्या ओळी दिसायला लागल्या. इथं चूल, इथं गोठा, इथं ओटी, असं बोट ठेवून सांगता येईल अशी घरं, फक्त भिंती नाहीत. दारांच्या जागी लांबट काळे दगड. उंबरे.

बरेचसे उंबरे उलटे पडले होते. दगड कलंडलेला, खाली ताजा खड्डा, चुन्याचे गोळे फोडून टाकलेले. आता मला ओतूरच्या बाजारातला चुना कळला. आमच्याकडे घराच्या पायात पंचरत्नी ठेवतात. इथल्या लोकांनी उंबऱ्याखाली, चुन्यात, पैसे ठेवले होते.

एका अखंड उंबऱ्यावर बारीक चणीची, सत्तरी ओलांडलेली बाई पाय सोडून बसली होती. सुनंदाला बघून उठली नाही. म्हणाली, "बाई, इथंच या. मी उठले का ते येतील."

ते म्हणजे दोन माणसं. पलीकडच्या जोत्यावर एकाच्या हातात ताटलीच्या टोकाला दांडा लावावा तसं मशीन होतं, दुसऱ्याच्या हातात फोन. फोनवाला त्याकडे बघून बोलत होता, "नमस्कार मित्रांनो, आज आपण धरणाखालच्या गावातला खजिना शोधणार आहोत."

हौसाबाईंनी माझी ओळख करून घेतली. मी नाणी जमवते असं सुनंदानं सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला त्या क्षणी मशीनवाल्यांच्या रांगेत उभं केलं. त्यात त्यांचं काय चुकलं? मी म्हटलं, "मी कुणी हातानं दिलं तरच घेते, मावशी." त्यावर त्या थोड्या सरकल्या आणि शेजारी बसायला जागा दिली.

"माझ्या सासऱ्यानं घर बांधलं तवा नवं राज्य आलेलं," त्या सांगू लागल्या. "मंचरला भात विकून आले तर हातात नवा रुपया. राजाचं तोंड न्हाई. सासरा म्हणायचा, घरात दुसरा कसला पैसा घालू, आपल्या राज्याचाच घालतो. आख्खा रुपया घातला, बाई. घरात खायला न्हवतं. शेजारच्या चिमावैनीच्या सासऱ्यानं घोड्याचे पाच पैसे घातले. त्यांची तेवढीच ताकद."

"आणि गाव सोडताना काढला नाहीत?" मी विचारलं.

"घर मोडताना वासं नेले, कौलं नेली. उंबरा न्हाई काढला. कुणी काढला न्हाई. उंबरा काढला म्हंजे घर मेलं. आमाला वाटायचं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

तेवढ्यात ते दोघं आले. फोनवाल्यानं फोन खाली केला आणि अगदी गोडीत म्हणाला, "आजी, जरा बाजूला बसा ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"न्हाई."

"अहो, अर्धे तुमचे. जे निघेल त्यातले अर्धे तुम्हाला."

"माझ्या उंबऱ्यातलं अर्धं तू मला देणार?" हौसाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

तो हसला आणि आमच्याकडे वळला. शिकलेल्या बायका दिसल्यावर त्याला आधार वाटला असावा. "मॅडम, हे नाहीतर पुन्हा पाण्यातच जाणार. आम्ही इतिहास वाचवतोय."

मी आयुष्यात फारशी भांडलेली नाही. औषधाच्या दुकानात उधारी मागतानाही माझा आवाज चढत नाही. पण मी त्याला विचारलं, इतिहास वाचवतोस तर कुठल्या घरातून काय निघालं हे कुठं लिहिलंस? इथले पैसे ओतूरच्या बाजारात शिवकालीन म्हणून विकले जातायत, तो कुठला इतिहास? तो म्हणाला त्याचा बाजाराशी संबंध नाही. मग मशीनवाल्यानं त्याला खूण केली आणि दोघं शेजारच्या जोत्याकडे वळले. चिमावैनीच्या. तिथला उंबराही अजून जाग्यावर होता.

हौसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मला म्हणाल्या, "तुमी बसा इथं. उठू नका." आणि चालत जाऊन त्यांच्या मशीनच्या पुढ्यात चिमावैनीच्या उंबऱ्यावर बसल्या.

"आजी, हे पण तुमचं का?"

"चिमावैनी गेली. तिची लेक मंचरला हाय. ती इथं न्हाई म्हनून मी हाय."

अशी मी त्या उंबऱ्यावर बसले, ज्याच्याखाली माझ्या संग्रहात नसलेला, बहुधा पहिल्या सालचा रुपया होता. ऊन असं की डोळे उघडवेनात. सुनंदा दोघींच्या मध्ये उभी राहून त्या माणसांना, तिच्या नर्सच्या आवाजात, उन्हात डोकं झाकायला सांगत होती. तो आवाज ऐकून माणसं आपोआप आज्ञाधारक होतात. बराच वेळ कुणी हललं नाही. शेवटी फोनची बॅटरी संपली म्हणून की काय, ते निघाले. जाताना फोनवाला म्हणाला, "ठीक आहे. उद्या येतो. रोज बसणार का?"

चौकी

याची तक्रार झाली पाहिजे असं मी म्हटलं. हौसाबाईंची इच्छा नव्हती, पण मी शहाणी, मला व्यवस्थेवर विश्वास. दत्ताच्या जीपमधून आम्ही चौघं चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी पाणी दिलं, बसायला खुर्च्या दिल्या, हे मान्य करते.

"चोरीला काय गेलं?"

"लोकांच्या उंबऱ्याखालचे पैसे," मी म्हटलं.

"किती?"

काय सांगणार? कुणाचे पाच पैसे, कुणाचा एक आणा, कुणाचे दोन, तेच सांगितलं. हवालदार लिहायला तयार झाले आणि पेन टेकवून थांबले. मग त्यांना हसू आवरेना. हसून झाल्यावर समजावणीच्या सुरात म्हणाले, "आजी, ती जमीन बुडितात गेली. आता ती तुमची नाही, सरकारची आहे. तुमची तक्रार कशी घेऊ?"

"मग ज्याची हाय त्यानं राखावी की," हौसाबाई म्हणाल्या.

"राखतात ना. पाणी आलं की सगळं झाकलं जातं."

मी उठून उभी राहिले आणि बरंच काही बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी बोलत असताना हौसाबाई पदर सावरून दाराबाहेर गेल्या होत्या. रागावण्याची चैन त्यांनी फार पूर्वी सोडली असावी. माझी अजून सुटलेली नाही.

जीपमध्ये बसल्यावर त्या लेकाला म्हणाल्या, "पहार हाय ना घरी?"

पहार

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास आम्ही पुन्हा खाली उतरलो. दत्ताच्या खांद्यावर पहार होती. त्यानं आधी चिमावैनीचा उंबरा उचलला, आईनं सांगितलं म्हणून. चुन्याच्या गोळ्यातून हौसाबाईंनी नखानं एकेक करून पाच पैसे सोडवले. हिरवे पडले होते, पण घोडे स्पष्ट होते. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, "माझं अस्तं तर तुमाला दिलं अस्तं एक. हे तिच्या लेकीचं हाय." आणि चिंधीत बांधून दत्ताच्या खिशात घातले. पुढं मंचरला जीप न्यायची झाली तेव्हा त्यानं ते पोचवले, हे सुनंदानं मला फोनवर कळवलं.

मग स्वतःचा उंबरा. दगड जागचा हलेना. दत्तानं पहार घातली, मी आणि सुनंदानं दांड्यावर जोर दिला. दगड सुटला तेव्हा आतून ओल्या मातीचा वास आला. हौसाबाईंनी चुन्याचा गोळा फोडला आणि रुपया तळहातावर घेतला. करडा, निस्तेज, पण वापरलेला. म्हणजे उंबऱ्याखाली जाण्याआधी तो मंचरच्या बाजारात काही हातांतून फिरला होता.

त्यांनी तो माझ्या हातात दिला. "वाचा काय लिवलंय."

मी वाचलं. साल सांगितलं. पहिलंच. त्यांनी मान हलवली आणि हात पुढं केला. मी परत दिला. असा रुपया मला कधी तरी दुसरीकडे मिळेल. मिळाला तर मी घेईन, पण तो हा नसेल.

आम्हाला वाटलं आता त्या तो देवापाशी ठेवतील. त्या वस्तीत आल्या, चप्पल काढली नाही, पहार मागितली आणि घराच्या पुढच्या दारातली गुळगुळीत फरशी ठोकायला लागल्या.

"आई, अगं फरशी फुटंल," दत्ता धावला. सूनही आतून आली आणि दारातच थबकली. ती फरशी दोन वर्षांपूर्वी हौसेनं बसवलेली होती.

"फुटू दे. इतकी वर्सं ऱ्हातोय इथं, पावण्यावाणी. तिकडं उंबरा व्हता म्हनून हिकडं घातला न्हाई. आता तिकडं काय ऱ्हायलं?"

सुनेनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, मग सासूच्या हातातली पहार घेतली आणि स्वतः दोन घाव घातले. फरशी मधोमध तडकली. दत्ता घमेल्यात सिमेंट कालवायला बसला. सुनंदानं शेजारून हळदकुंकू आणलं. आजूबाजूच्या तीन-चार बाया येऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यातल्या दोघींच्या घरचे उंबरे मी काठावर उलटे पडलेले पाहिले होते.

खड्डा झाल्यावर हौसाबाईंनी रुपया हातात धरून मला विचारलं, "तुमी पैशाच्या जाणकार. कुठली बाजू वर घालायची?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सिंहांची वर असावी. ती पुढची बाजू. मागं कणसं आहेत."

"कशाची कणसं?"

"गव्हाची."

"आमच्यात गहू कुठं पिकतो?" त्यांनी रुपया डोळ्यांजवळ नेला, दोन्ही बाजूंनी पाहिला. "असू दे. कणसंच हायेत." मग त्यांनी तो ओल्या सिमेंटमध्ये सिंह खाली करून ठेवला आणि अंगठ्यानं दाबला.

"ह्या सिंहांनी आमाला बुडताना लई बघितलं," त्या म्हणाल्या. "आता कणसं वर ऱ्हाऊ दे. दत्ता, टाक वरनं."